निळ्या टोपणाची नळी

— करतो हो सही, नाही कुठं म्हटलं मी. आधी बसा तर, वादिराजराव. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो — ह्या स्टुलावर बसा. पेशंटचंच आहे, पण सकाळीच फिनेलनं पुसलंय. फोनवर शब्द दिला म्हणजे दिला. पण वाचू तर द्याल की नाही? स्टॅम्पपेपर आणलाय, त्यावर वीस ओळी, आणि पेनाचं टोपण काढून सहीच्या जागेवर धरून बसलाय — कॉलेजात पोरांना हेच शिकवता का, न वाचता सही करा म्हणून? बरं, बरं. गंमत केली. चष्मा घेतो.

'मी, परशुराम केदारी, वय बावन्न, राहणार हुबळी, धारवाडात सुभाष रोडवरील लॅबमध्ये टेक्निशियन' — बरोबर. 'प्रतिज्ञेवर सांगतो की कैलासवासी अंबूताई यांच्या रक्ताचा नमुना मी स्वतः त्यांच्या सप्तापूर येथील घरी जाऊन घेतला' — बरोबर, मीच घेतला. 'तो सर्व नियम पाळून, योग्य त्या प्रमाणात घेतला, व तपासणीत कोणतीही त्रुटी नव्हती.' योग्य त्या प्रमाणात. हे शब्द कुणाचे? वकिलांचे? हुशार आहेत तुमचे वकील. मला वाटलं होतं — रक्त घेतलं, तपासलं, आकडा दिला, एवढंच असेल. योग्य त्या प्रमाणात — म्हणजे त्यांनी आमचं पुस्तक वाचलेलं दिसतंय. आमचे मालकसुद्धा एवढं वाचत नाहीत.

— कळलं हो, कशाला पाहिजे ते. पुन्हा नका सांगू, तीनदा सांगितलंत. ग्राहक मंचात नारायण डॉक्टर म्हणणार, मी काय करू, लॅबनं रिपोर्ट नॉर्मल दिला, मी त्यावर विश्वास ठेवला. मग तुमचे वकील हा कागद पुढं करणार — लॅबचं काम चोख होतं, आकडा काठावरचा होता, पाय डोळ्यांना दिसेल एवढा सुजला होता, तरी बाईंना हुबळीला स्कॅनला का नाही पाठवलं? की अडकले डॉक्टर. दवाखान्याची पाटी उतरेपर्यंत सोडायचं नाही म्हणालात फोनवर. आई गेली तुमची, तुम्ही म्हणणारच. आमच्या मालकांनीही कालच सांगितलं — केदारी, करून टाक सही, लॅबचं नाव स्वच्छ राहतं, तुझंही राहतं. सगळ्यांचं चांगलं होतंय ह्या कागदात, एकट्या नारायण डॉक्टरांचं सोडून. आणि मला तरी त्यांचं काय पडलंय? मी काय त्यांचा जावई? अठरा वर्षं त्यांच्याकडं रिपोर्ट पोचवतोय, एकदा 'बसा' म्हटलेलं आठवत नाही. एकदा रिपोर्टमध्ये एक आकडा त्यांना पटला नाही तर पेशंटच्या देखत कागद माझ्याकडं सरकवला आणि म्हणाले, हे घेऊन जा, धुऊन आण. धुऊन आण. बी.एस्सी. आहे मी, वादिराजराव, ह्याच गावात झालोय, वर दोन वर्षांचा लॅबचा डिप्लोमा. धुऊन आण म्हणे.

— आणि खरं सांगू का, चूक आहेच त्यांची. मी म्हणतो म्हणून नव्हे. पूर्वीचे डॉक्टर काय करायचे? पोटरी दाबून बघायचे, पाऊल वर वाकवून बघायचे, दोन्ही पायांना दोरी लावून घेर मोजायचे. साधी दोरी. आता पायाकडं बघायच्या आधी रिपोर्टकडं बघतात. पाचशेच्या आत आहे? मग नसेत रक्ताची गाठ नाही. पाचशेच्या वर आहे? जा हुबळीला. मधे पेशंट कुठं आहे ते शोधावं लागतं. चारशे ब्याऐंशी आला होता अंबूताईंचा. चारशे ब्याऐंशी बघितलं आणि म्हणाले, स्नायू दुखावलाय, बसून बसून प्रवास केला ना उडुपीचा, दहा तास, गरम पाण्यानं शेका. चौथ्या दिवशी — असू दे. चौथ्या दिवशीचं तुम्हाला मी काय सांगायचं. तुम्हीच होता गाडीत.

— हो, आकडा माझा. आकडा माझाच. रक्त काढणारा मी, मशीनवर फिरवणारा मी, आकडा वाचणारा मी, आणि खाली सही करणारे पॅथॉलॉजिस्ट साहेब मात्र दुसरे. ते सकाळी साडेनऊला येतात, कोऱ्या रिपोर्टांच्या गठ्ठ्यावर सह्या करतात आणि दुसऱ्या लॅबकडं जातात. हे लिहा की कागदात. नाही लिहिणार, माहीत आहे. लिहिलं तर लॅब अडकते, लॅब अडकली तर डॉक्टर सुटतात. तुमचा गुन्हेगार आधीच ठरलाय, पुरावा मागून शोधताय. वकिलांचं चुकत नाही, त्यांचं कामच ते. पण तुम्ही इतिहास शिकवता ना? म्हणून म्हटलं.

— रागावू नका. बसा, बसा की. चहा सांगू? नको तर नको. मी राग आणायला बोलत नाही, मला आपली सवय आहे, तोंड माझं पहिल्यापासून असंच. हुबळीच्या हॉस्पिटलात नोकरी होती पहिली, चौऱ्याऐंशी साली, तिथूनही तोंडापायीच सुटली. तेव्हा ही टेस्ट अशी नव्हती. तेव्हा काचेची पट्टी असायची, त्यावर पेशंटच्या रक्ताचं वरचं पिवळं पाणी एक थेंब, आणि बाटलीतलं दुधासारखं औषध एक थेंब. काडीनं मिसळायचं आणि पट्टी हातात धरून गोल गोल हलवायची, दोन मिनिटं, घड्याळ लावून. दुधात दही पडल्यासारखे कण धरले की समजायचं, ह्याच्या अंगात कुठंतरी गाठ विरघळतेय. कारण गाठ आम्हाला दिसत नाही, वादिराजराव, गाठीचा चुरा दिसतो. सुताराच्या दाराशी भुसा पडलेला दिसला की आत रंधा चाललाय हे कळतं ना, तसं. भुसा किती, त्यावरून आम्ही सांगायचं. आता मशीन मोजतं, आकडा देतं, म्हणून सगळ्यांना वाटतं आकडा देवाकडून आला. आकडा नळीतून येतो. आणि नळी माणूस भरतो.

— ही बघा. थांबा, दाखवतोच. ही निळ्या टोपणाची. तांबड्या टोपणाची वेगळी, जांभळ्या टोपणाची वेगळी, त्यांत थोडं कमीजास्त चालून जातं. निळीत चालत नाही. हिच्या तळाशी आधीच पाण्यासारखं औषध असतं, रक्त गोठू नये म्हणून — दिसतंय का, एवढंसं? आणि ही इथं रेघ. सुईनं रक्त ओढायचं आणि नळीत सोडायचं, बरोब्बर रेघेपर्यंत. नऊ वाटे रक्त, एक वाटा औषध. कमी पडलं तर काय होतं? औषध तेवढंच, रक्त कमी, म्हणजे रक्तात पाणी जास्त पडलं. एका भांड्याच्या ताकात दोन भांड्यांचं पाणी घातलं तर कढी कशी लागेल? आकडा पातळ येतो. पाचशे तीसचा चारशे ऐंशी होतो. म्हणून नियम असा, की रेघेला पोचली नाही ती नळी फेकायची. पेशंटला परत बोलवायचं, परत टोचायचं. शिव्या देतात लोक. देऊ देत. मी एका न्यायाधीशांची नळी फेकलीय. साहेब भडकले, म्हणाले, तुझं काम येत नाही आणि शिक्षा मला? म्हटलं, साहेब, अर्धवट साक्षीवर तुम्ही निकाल देता का? हात पुढं केला निमूट. ह्या गावात विचारा कुणालाही, केदारीच्या हातची नळी आणि अपुरी — शक्य नाही म्हणतील. वीस वर्षांत एक —

— काय? हो. रजिस्टर आहे की. प्रत्येक नमुन्यापुढं रकाना असतो, नमुना ठीक की अपुरा. अंबूताईंच्या नावापुढं 'ठीक' आहे. माझ्याच अक्षरात आहे. झेरॉक्स मालकांनी दिलीच असेल तुम्हाला. मग झालं की. विचारताय कशाला?

— नाही, तसं काही नाही. करतो सही, एवढं बोलून होऊ दे.

— घरचा माणूस. आत्ता काय म्हणालात? 'केदारी, तुम्ही आमच्या घरचा माणूस, तुमच्यावर संशय कसला.' ऐकून बरं वाटलं. वीस वर्षं येतोय तुमच्या घरी, दर तीन महिन्यांनी, अंबूताईंची साखर तपासायला. तुम्हीच लॅबला फोन करायचा — केदारींनाच पाठवा, आईला दुसरं कुणी चालत नाही. का चालत नव्हतं, ठाऊक आहे? हात हलका म्हणून, हे खरंच. एका टोचणीत काम. पण एका टोचणीत म्हणजे एका शिवण्यात, हेही खरं. वादिराजराव, मान खाली घालू नका, मी भांडायला बोलत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी तीन प्रश्न विचारले. आडनाव काय — केदारी. गाव कुठलं — हुबळी. हुबळीत कुठं? तिसऱ्या प्रश्नाला पत्ता लागतो. आमच्याकडं कुणालाही विचारा, तीनच प्रश्न असतात, चौथा लागत नाही. मी सरळ गल्लीचं नाव सांगितलं. लपवायचं काय त्यात? अंबूताई 'बरं' म्हणाल्या, आणि पुढच्या वेळेपासून पडवीत लोखंडी खुर्ची आली. लाकडाची होती आधी. लोखंड धुता येतं.

— माहीत नव्हतं म्हणता? असेल. तुम्ही सकाळी आतच असायचा, पेपर वाचत. 'केदारी आले का, चहा घेतला का' एवढं आतून विचारायचा. घेतला हो, काचेच्या ग्लासात. ते जाऊ दे, मी चहाचा भुकेला नव्हतो. मी रबरी पट्टीबद्दल सांगतोय. दंडाला बांधायची आमची रबरी पट्टी असते ना, नस वर यावी म्हणून — ती त्यांना चालायची नाही. शंभर जणांच्या दंडाला लागलेली, विटाळलेली, मैलिगे. म्हणून त्यांनी स्वतःच्या जुन्या रेशमी लुगड्याचा काठ फाडून एक पट्टी केली होती. रेशमाला विटाळ नसतो म्हणे. स्नान करून, सोवळ्यात, मडीत, ती पट्टी हातात घेऊन बसायच्या, स्वतःच दंडाला गुंडाळायच्या, एक टोक दातात धरून गाठ मारायच्या. मी फक्त सुई लावायची. आणि रेशीम कुठं आवळून बसतंय? सरकतं. नस अर्धीच वर येते. पण मी त्या अर्ध्या नसेत वीस वर्षं सुई घातली, एकदाही चुकलो नाही. एकदाही. मी गेटाबाहेर लूना चालू करायचो, तोवर आतून बादलीत नळ सोडल्याचा आवाज यायचा. माझ्यानंतरचं दुसरं स्नान. लूना मुद्दाम उशिरा चालू करायचो का? नाही. ती चालूच उशिरा व्हायची. आवाज मात्र दर वेळी ऐकलाय.

— वाईट बाई होत्या असं मी म्हणालो का? म्हणालो असेन तर दाखवा. माझ्या मुलीच्या बारावीला त्यांनी गणिताची पुस्तकं दिली होती, कपाटभर, तुमचीच असतील. लक्कव्वाचं, म्हणजे माझ्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा दोनदा फोन केला, काय झालं, कसं आहे, अंगारा पाठवू का. अंगारा नको म्हटलं. हसल्या. हसायच्या छान. ह्याच्यापायीच तर नीट चिडताही आलं नाही मला वीस वर्षं. सरळ हाकलून दिलं असतं तर सोपं झालं असतं, दुसऱ्या दिवशी गेलोच नसतो. बोलावतात, पुस्तकं देतात, नाव घेऊन चौकशी करतात, आणि मग नळ सोडतात. अशा माणसाशी भांडायचं कसं ते मला कुणी शिकवलं नाही.

— येतो, त्या दिवसावर येतो. तुम्ही बेळगावला होता, पेपर तपासायला. वहिनींची सकाळची शाळा. घरात त्या एकट्या. नारायण डॉक्टरांनी आदल्या दिवशी चिठ्ठी दिलेली, सकाळी सातला मी गेलो. एकादशी होती. मला कॅलेंडर बघावं लागलं नाही, त्यांच्या ओठांवरून कळलं. आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंब नाही, वय अडुसष्ट, पाय पोटरीपासून सुजून चकाकतोय, आणि दोन पावलं चालल्या की थांबून श्वास घेताहेत. म्हटलं, ताई, अर्धा ग्लास पाणी घ्या, नसा झोपल्यात. म्हणाल्या, आज कुठलं रे पाणी. बरं, आणि म्हटलं तरी दुसऱ्यांदा कोण म्हणणार? रेशमी पट्टी गुंडाळली त्यांनी. सरकली. पुन्हा गुंडाळली. माझ्या पिशवीत रबरी पट्टी होती, कोरी, पाकीट न फोडलेली, कुणाच्याही दंडाला न लागलेली. काढलीच नाही मी. काढायला पाहिजे होती? होती. बघितलं एकदा पिशवीकडं, आणि चेन लावून टाकली. सुई लागली, पहिल्याच झटक्यात लागली, पण रक्त येईना. थेंब थेंब. ओढतोय, ओढतोय, आणि मग थांबलंच. नस बसली. सुई काढली, कापूस दिला, रक्त नळीत सोडलं आणि नळी उजेडात धरली. रेघ वर, रक्त खाली. एवढं. हे माझं बोट बघा — एवढं कमी.

— थांबा. लिहू नका. काय लिहिताय? मी बोलतोय, साक्ष देत नाही. पेन खाली ठेवा.

— ठेवलंत. बरं. कुठं होतो? हो, एवढं कमी. कमी म्हणजे काय, नियमानं कमी. तिथंच म्हणायला पाहिजे होतं, ताई, पुन्हा घ्यावं लागेल, दुसरा हात द्या. तोंडापर्यंत आलं होतं. आलं होतं आणि अडलं. तुम्हाला वाटेल मी आता मोठी गोष्ट सांगणार. मोठी नाही, लहानशीच आहे. माझे वडील हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपात होते, छप्पन साली रजा टाकून नागपूरला गेले आणि दीक्षा घेऊन आले. पुढच्या वर्षी मी झालो. शिकवलं त्यांनी सगळं, पण एक गोष्ट मारून शिकवली — पाणी एकदा मागावं. नाही मिळालं तर तहान घेऊन घरी यावं. दुसऱ्यांदा मागू नये. मी आयुष्यभर पाळलं ते. नोकरी एकदा मागितली, बढती एकदा मागितली, नारायण डॉक्टरांकडं खुर्ची तर एकदाही नाही. आणि अंबूताईंच्या अंगाला हात लावायची परवानगी दर तीन महिन्यांनी एकदा. एकदाच. एका सकाळी दोनदा? म्हणजे पुन्हा ती पट्टी, पुन्हा ते अंग चोरून हात पुढं करणं, आणि एका बादलीऐवजी दोन बादल्या. माझ्यानं विचारवेना. सूड नाही हो, सूड हा शब्द तुमच्या वकिलांना देऊ नका, त्यांना फार आवडेल. सूड घ्यायला डोकं थंड लागतं. माझं फक्त अडलं. वाटलं, एवढ्यानं काय होतंय, बोटभर तर कमी आहे. न्यायाधीशाची फेकली मी. न्यायाधीशाला दुसऱ्यांदा म्हणायला मला काहीच वाटलं नाही.

— अकराला आकडा आला. चारशे ब्याऐंशी. मी मशीनसमोर उभा होतो. मला माहीत होतं हा आकडा पातळ आहे. मग रजिस्टर उघडलं, 'ठीक' लिहिलं. नंतर हिशेब केलाय, किती वेळा ते विचारू नका — रेघेपर्यंत असती तर पाचशे तीस, पस्तीस. पाचशेच्या वर. नारायण डॉक्टर पाय बघत नाहीत, आकडा बघतात. आकड्यानं सांगितलं असतं तर त्याच दुपारी हुबळीला पाठवलं असतं त्यांनी. आळशी माणूस आहे, उद्धट आहे, पण पाचशेच्या वरचा पेशंट त्यांनी घरी पाठवलेला मी बघितला नाही. अठरा वर्षांत नाही. म्हणून ही सही — कशी करू सांगा. तुम्ही मला चुकीच्या माणसाला फाशी द्यायला सांगताय, आणि मी फोनवर हो म्हणालो होतो. हो म्हणून चार दिवस झोपलोही नीट. ते जास्त वाईट आहे.

— ओरडू नका. बाहेर लोक आहेत. बसा. नाही तर उभे राहा, पण ओरडू नका. माझ्यावर केस करा, जरूर करा, मी कुठं पळत नाही. मालक म्हणतील केदारी वेडा झाला. लॅबमधून काढतील, काढू देत. पण 'तिनंच तसं वाढवलं, तिच्या मडीनंच तिला मारलं' असं जे आत्ता बोललात ना, आईबद्दल, ते मागं घ्या. सोपं आहे ते बोलायला. मलाही सोपं पडलं असतं. आठ महिने मी स्वतःला तेच सांगत होतो — बाईच्या सोवळ्यापायी झालं, रेशमापायी झालं, एकादशीपायी झालं, माझा काय दोष. जमत आलं होतं. एक गोष्ट आड येते फक्त.

— नाही. काही नाही. जा तुम्ही आता.

— कसली गोष्ट म्हणजे? नको. तुम्हाला ऐकवणार नाही ती. बरं — बरं, ऐका. मी नळी उजेडात धरली होती ना, ती त्यांनी बघितली. वीस वर्षं बघत होत्या, कुठपर्यंत भरतो ते त्यांनाही कळत होतं. शिक्षिका होत्या, डोळा होता. बघितलं आणि विचारलं, 'साका?' पुरे का, केदारी? मी नळीकडंच बघत होतो. तर त्यांनी दंडाची ती रेशमी पट्टी स्वतः सोडली, बाजूला ठेवली, आणि दुसरा हात पुढं केला. पिशवीकडं बोट दाखवलं — तुझी ती रबराची असेल ना, ती बांध, असं म्हणाल्या. तुझी ती बांध. स्वतः म्हणाल्या. वीस वर्षांत पहिल्यांदा. हात पुढं करून बसल्या होत्या, असा, तळवा वर करून. धाप लागलेली. वाट बघत होत्या.

आणि मी म्हटलं, 'साक्री, ताई. पुरे आहे.' म्हटलं, आणि लूना काढून निघून आलो. त्यांनी मागितलं, वादिराजराव. मी नाही दिलं.

हे तुमचं पेन. हा कागद. सही नाही. उचला, आणि त्या दाराला कडी लावू नका, रांग आहे बाहेर.